शेजारच्या खाटेवरून मिळणारा धीर

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार लांब चालतो. पहिला टप्पा साधारण महिनाभराचा, पण सगळे मिळून दोन ते तीन वर्षे जातात. सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. घर, शेत, माणसे मागे राहतात.

केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या की जंतुसंसर्गाच्या भीतीने भेटायला येणाऱ्यांना आवर घालावा लागतो. रुग्ण खरा एकटा पडतो तो याच दिवसांत. तेव्हा काही महिने आधी याच वाटेने गेलेल्या रुग्णाचे शब्द औषधाइतकेच मोलाचे ठरतात. तोंड आल्यावर घास कसा गिळायचा, घसरलेले काउंट पुन्हा कसे चढतात, हे तो भोगून सांगत असतो. टोपी काढून तो नुकतेच उगवलेले बोटभर केस दाखवतो, आणि नव्या रुग्णाचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे जातो.

मात्र ल्युकेमियाचे प्रकार वेगळे, त्यांची औषधेही वेगळी. क्रॉनिक मायलॉइड प्रकारात बहुतेकांना रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षे जगता येते. तीव्र प्रकाराचे तसे नाही. म्हणून धीर सहरुग्णाकडून घ्यावा, औषधाचा सल्ला डॉक्टरांकडूनच.

मुंबईत या आधाराला संस्थेचे रूप आले आहे. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये व्ही केअर फाउंडेशन सुरू केले. बालपणीच्या कर्करोगातून वाचलेल्यांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने काम करतो.