लॅपटॉपचे आजारपण

गेला दीड महिना इथे काही लिहिले नाही. दोघातिघांनी ईमेलने विचारले. पुतणीने तर फोनच केला, "काका, बरे आहात ना?" मी ठणठणीत आहे. (म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस जितका असतो तितका.) आजारी होता तो लॅपटॉप.

हा लॅपटॉप मुळात मुलाचा. त्याने २०११ साली घेतला, आणि २०१६ साली त्याला नवा मिळाल्यावर हा एकोडीला आमच्याकडे आला. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा किती आणि माझा किती हे मला आता नक्की सांगता येणार नाही.

मे महिन्यात एका दुपारी पडद्यावर हिरव्या उभ्या रेघा आल्या. पावसाच्या सरीसारख्या. अक्षरे दुहेरी दिसू लागली. बंद करून तासाभराने लावला तर सगळे ठीक, आणि वीस मिनिटांनी पुन्हा रेघा. मला वाटले व्हायरस असेल. आमच्या पिढीला कॉम्प्युटरचा एकच रोग माहीत.

आता जीव का टांगणीला लागला ते सांगतो. १९८४ साली सातवीच्या एका मुलाने निबंधात 'पुंजणा' असे लिहिले होते. कापलेल्या धानाचा रचलेला ढीग. मी तांबड्या शाईने तो शब्द खोडला आणि वर 'गंजी' लिहिले. घरी येताना वाटेत दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये पुंजणेच पुंजणे उभे होते, आणि मला माझीच लाज वाटली. त्या रात्रीपासून मी आपल्या झाडीपट्टीचे शब्द वहीत टिपू लागलो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे केवढे मोठे काम केले आहे, त्यापुढे माझे हे चिमूटभर. तरी तीन वह्या भरल्या, अकराशेवर शब्द झाले. ते सगळे मी या लॅपटॉपवर टंकले. आणि टंकून झाल्यावर, आता काय करायच्या म्हणून, वह्या रद्दीत दिल्या! आमच्या हिने तेव्हाच म्हटले होते, "राहू द्या जी, वह्या काय खायला मागतात?" असो.

शहरातल्या एका दुकानात दाखवले. त्यांनी आधी विंडोज नव्याने टाकू म्हटले. आतले काय होईल विचारले तर "उडेल". मी लॅपटॉप छातीशी धरून परत निघालो होतो. मग म्हणाले, ग्राफिक्स चिप गेली आहे, रिबॉलिंग करू, साडेचार हजार. चार दिवसांनी लॅपटॉप मिळाला, पडदा लख्ख. तो बरोबर एकोणीस दिवस चालला. त्या एकोणीस दिवसांत मी शब्दांची एक प्रत काढून ठेवायला हवी होती की नाही? नाही काढली. चालतो आहे ना, उद्या बघू. विसाव्या दिवशी रेघा परत, आणि नंतर पडदा काळा.

दोन रात्री झोप नव्हती.

शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा आला. नागपूरला डिप्लोमा करतो. नाव लिहू नका म्हणाला. त्याने लॅपटॉप थंड होऊ दिला आणि आमच्या टीव्हीला वायरने जोडला. टीव्हीवरही त्याच रेघा. म्हणजे पडदा आणि त्याची वायर निर्दोष. मग बंद करून लावला आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच एक बटन दाबून सेटिंगचे पान उघडले. तिथेही रेघा. "विंडोज अजून जागंच नाही झालं गुरुजी, मग व्हायरस कुठून येनार?" परीक्षेत असे उत्तर आले असते तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

चिपचा रोग मला त्याने समजावला, पण खरे तर तो धडा मीच वर्गात शिकवलेला. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की तास माझ्याकडे यायचा, आणि कडे व गोळ्याचा प्रयोग मला फार आवडायचा. तापवला की गोळा कड्यातून जात नाही. ही चिप खालच्या पट्टीला धातूच्या बारीक बारीक थेंबांनी जोडलेली असते. सोल्डर म्हणजे आपली झाळच. चिप तापते तेव्हा ती वेगळी फुगते, पट्टी वेगळी, आणि ओढाताण होते ती मधल्या थेंबांची. हजारो वेळा तापून निवून एखाद्याला तडा जातो. दुकानात गरम हवा मारली की तडा तात्पुरता सांधतो. रिबॉलिंग खरोखर केले तरी चिपच्या खालचे मोठे गोळे नवे होतात, चिपच्या पोटातले थेंब तेच राहतात.

हे एकट्या माझ्या नशिबी नाही. २००८ च्या जुलैत एनव्हिडिया या मोठ्या चिप कंपनीने लॅपटॉपमधल्या अशाच बिघाडांसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचे जाहीर केले होते. ॲपलनेही २०१५ साली आपल्या काही लॅपटॉपची अशी दुरुस्ती फुकट करून दिली. आपल्याला कोण देतो!

"पन शब्द?" मी विचारले.

"फळा फुटला म्हनून वही थोडीच जळते जी!" असे म्हणून त्याने खालचे झाकण उघडले, हार्ड डिस्क काढली, एका डबीत बसवून स्वतःच्या लॅपटॉपला लावली. 'झाडी शब्द' नावाची फाईल उघडली. आंबील, बांधी, बोडी... मी चष्मा पुसायला म्हणून आत गेलो. हिने काही विचारले नाही, चहा ठेवला.

बाहेर आलो तर तो पंख्यातून काडीने काहीतरी उकरत होता. गोधडीचा कापूस आणि चुरण्याच्या दिवसांतला धानाचा भुसा, पुडीभर निघाला. मी सात-आठ वर्षे लॅपटॉप गोधडीवर ठेवून लिहीत होतो. हवा जायची भोकेच बंद. पंचेचाळीस अंशांचा आपला मे महिना, त्यात हे. चिपने इतकी वर्षे तग धरला याचेच आता नवल वाटते.

मग त्याने सेटिंगच्या पानावर जाऊन वेगळी ग्राफिक्स चिप बंद करून टाकली. मुख्य प्रोसेसरमध्येही चित्र दाखवण्याची थोडी सोय असते, आता त्यावर काम चालते. सगळ्या लॅपटॉपमध्ये असा पर्याय नसतो, माझ्यात निघाला. टीव्हीला जोडायची सोय गेली, कारण ते भोक त्या आजारी चिपशीच जोडलेले. नातवाचे खेळही चालत नाहीत. अक्षरे मात्र स्वच्छ दिसतात. साडेचार हजार घेणाऱ्यांना हे सुचले नसेल का, असा प्रश्न मनात येतो. त्याने माझ्याकडून एक रुपया घेतला नाही, रोवण्याला जायची घाई होती.

आता शब्दांच्या दोन पेनड्राईव्ह झाल्या. एक इथे, एक मुलीकडे नागपूरला. शिवाय साकोलीहून दोनशे पानी चार वह्या आणल्या आहेत आणि रोज सकाळी पंचवीस शब्द हाताने उतरवतो. हात थरथरतो, अक्षर पूर्वीचे राहिले नाही. सध्या 'च' वर आहे. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवतो आणि गोधडी हिने कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.