ग्रिंच हिरवा नाहीच

डिसेंबर, एडिसन. लायब्ररीतून सणांच्या पुस्तकांची चळत आणलीय. डॉ. स्यूसच्या गोष्टीतला, नाताळ चोरायला निघालेला ग्रिंच उघडताच लेक हिरमुसली. हा हिरवा कुठाय? १९५७च्या मूळ पुस्तकात तो काळा-पांढराच. हिरवा झाला १९६६मध्ये, टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये. मला तर हा काळा-पांढराच जास्त खट्याळ वाटतो.

बाजी मारली ती एरिक किमेलच्या हर्शेलने. हनुका हा ज्यूंचा सण साजरा करू न देणाऱ्या भुतांना गंडवणारा गडी! ट्रिना हायमनची चित्रं चांगलीच भेसूर आहेत, तरी पुन्हापुन्हा तीच पानं. दिवाळीवरची पुस्तकं मात्र आम्हाला मिळाली ती पणती-रांगोळीची माहिती देणारी, शहाणीसुरती. मग नरकासुर मीच रंगवून सांगितला. "त्याचं चित्र दाखव ना आई!"

खडू काढलेत. मिशा कोण काढणार, यावर वाद चालू आहे.