आईचा गुडघा आणि तिला न चालणाऱ्या गोळ्या

तुमच्या घरात कुणाची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि आता गुडघा किंवा खुबा बदलायची वेळ आली असेल, तर हे तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही. बीए इंग्रजी करून लेख लिहिण्यावर पोट भरणारी मुलगी आहे. पण गेल्या वर्षी आमच्या वडोदऱ्याच्या घरात आईच्या गुडघ्याचे सहा आठवडे मी जवळून पाहिले.

आईचा गॅस्ट्रिक बायपास चार वर्षांपूर्वी झाला. ११२ किलोवरून ती ७६ वर आली. नातेवाईक विचारायचे, "आता बारीक झालीस ना, मग गुडघा कशाला दुखतोय?" अहो, वजन उतरलं तरी झिजलेली कूर्चा परत येत नाही! शेवटी उजवा गुडघा बदलावाच लागला.

आता मुद्द्याचं. बायपासमध्ये जठराचा छोटासा, अंड्याएवढा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. हा जोड नाजूक असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक या आपल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांमुळे तिथे अल्सर होऊ शकतो, त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, कधी भोकही पडतं. म्हणून बायपास झालेल्यांना या गोळ्या सहसा टाळायला सांगतात. स्लीव्ह झालेल्यांनीही आपल्या सर्जनला विचारूनच घ्याव्यात. सोबत जेवलं की चालतं, हा समज इथे उपयोगाचा नाही. गोळी रक्तात जाऊनही पोटाचं अस्तर कमकुवत करते.

गंमत म्हणजे या गोळ्या नावात लपलेल्या असतात. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन आहे, हे किती जणांना माहीत असतं? आईला घरी सोडताना दिलेल्या कागदावरही असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी लिहिलेली होती. फाइलच्या पहिल्याच पानावर बायपासची नोंद असूनसुद्धा! बाबांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं आणि नर्सला थांबवलं. डॉक्टरांनी लगेच बदलून दिलं, पण बाबा वाचत बसले नसते तर? मला अजून राग येतो.

पहिल्या दिवशी नसेजवळ दिलेल्या बधिरतेच्या इंजेक्शनमुळे आई हसत होती. खरी परीक्षा घरी आल्यावर, रात्री. दोन-अडीच वाजता ती भिंतीकडे तोंड करून पडायची, कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून. शेजारच्या काकू प्रेमाने गोळी घेऊन आल्या, "एक घे, मला तर लगेच झोप लागते." आई त्या गोळीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे गं, पोट पुन्हा उघडायचं नाहीये मला."

मग काय केलं? पॅरासिटामॉल दुखणं वाढायची वाट न बघता घड्याळ लावून, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे लक्षात ठेवून. सुरुवातीचे काही दिवस ट्रामाडॉल. त्याने बद्धकोष्ठता झाली, ती वेगळी कटकट. पाकिटावर एसआर किंवा ईआर लिहिलेल्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर नीट शोषल्या जातीलच असं नाही, म्हणून साध्या गोळ्या मागून घेतल्या. टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. आणि व्यायाम गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, म्हणजे फिजिओथेरपीवाले भाई "हजी थोडुं, बेन" म्हणायचे तेव्हा आई निदान त्यांना शिव्या देत नसे.

खाण्याचं मात्र अवघड होतं. अर्ध्या वाटीत पोट भरणाऱ्या बाईने जखम भरायला प्रथिनं आणायची कुठून? पनीर, अंडं, मुगाचं धिरडं, दह्याचा चक्का असं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. गोड सिरप बंद, कारण साखर एकदम आतड्यात उतरली की तिला घाम फुटून चक्कर येते. ऑपरेशनच्या आधीच ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि लोह तपासून घेतलं होतं; बायपासनंतर ही कमी पडतातच बहुधा. कॅल्शियम सायट्रेट आणि लोहाची गोळी दोन तासांच्या अंतराने.

एक धोक्याची खूण सांगते. डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी किंवा पोटात अचानक जोराची कळ, यातलं काहीही झालं तर थेट दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आईने आता पर्समध्ये एक कार्ड ठेवलंय. मराठी, गुजराती, इंग्रजीत: बायपास झाला आहे, या गोळ्या चालत नाहीत, सर्जनचा नंबर हा. गेल्या आठवड्यात तिची दाढ दुखली. जिने उतरून, काठीशिवाय, ती एकटीच दातांच्या डॉक्टरांकडे गेली आणि तोंड उघडायच्या आधी तिने ते कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं.