वेळासला जाताना

समुद्रकिनारी मुक्कामाचा बेत आखताना आपण पुणेकर प्रथम विचारतो, ‘खोलीतून समुद्र दिसतो का?’ रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावी गेल्यावर दुसराच प्रश्न पडतो: आपल्या खोलीतला दिवा समुद्रावरून कोणाला दिसेल?

हिवाळ्यात येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती चोरीस जात. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने त्यांच्या रक्षणाचे कार्य आरंभले. अंडी कुंपणाच्या आत पुन्हा वाळूत पुरली जातात; सुमारे ५० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि उजेडाच्या रोखाने धावू लागतात. किनाऱ्यावर झगझगीत दिवे असतील, तर ती समुद्राकडे पाठ फिरवून जमिनीकडेच भरकटतात.

म्हणून वेळासचा ‘रिसॉर्ट’ म्हणजे गावातली राहती घरे. पाहुण्यांना अंथरूण घरातच मिळते, ताटात घरचा भात, आमटी आणि सोलकढी असते, आणि मुक्कामाचे पैसे त्याच घरात राहतात. कासव वाचले तर आपलीही चूल पेटती राहते, हे गावाने अनुभवाने जाणले आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांना येथे अवश्य न्यावे. लवकर जेवण, अंधारातली गाढ झोप आणि पहाटे वाळूवरून अनवाणी चालणे आपोआप घडते. मात्र रोषणाईचा हट्ट पुण्यातच ठेवून निघावे. आपण मागू ते कोणीतरी पुरवीलच; मग पाहण्यास कासव उरणार नाही.