मोटारसायकल, धूळ आणि इस्त्रीचे कपडे



मुरुडच्या माझ्या दवाखान्यात सकाळी येणाऱ्या रुग्णांमध्ये रोज मोटारसायकलवरून नोकरीला जाणारे बरेच असतात. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, ग्रामसेवक, नर्स. तक्रार खाजेची, शिंकांची किंवा डोळ्यांच्या चुरचुरीची असते, पण बोलता बोलता गाडी कपड्यांवर येतेच. "घरून इस्त्री करून निघतो, पोहोचेपर्यंत पोतेरे होते." लातूर-बार्शी रस्त्याने मीही अनेक वर्षे मोटारसायकलवर ये-जा केली आहे, त्यामुळे हे दुखणे मला चांगले ठाऊक आहे.

आपल्याकडे प्रत्येक ऋतूची घाण वेगळी. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळणीचे भुस्कट, पुढे गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागचा फुफाटा, उन्हाळ्यात घाम आणि धूळ एकत्र. यात कपडे स्वच्छ ठेवायचे कसे, हा प्रश्न वाटतो साधा. पण त्याचे चुकीचे उत्तर शरीराला महागात पडू शकते.

नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा माझ्याकडे आला. जांघेत आणि मांड्यांवर गजकर्ण पसरलेले. धूळ लागू नये म्हणून तो बाराही महिने पँटवर रेनकोटची नायलॉनची पँट चढवून गाडी चालवायचा. आत घाम साचायचा आणि तीच ओलसर पँट दिवसभर अंगावर राहायची. खाज सुटली तेव्हा मेडिकलमधून मलम आणले. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड होते. खाज दोन दिवसांत थांबायची, आठवड्यात दुप्पट व्हायची. असे आठ महिने चालले. कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे व्रण उमटले होते.

मी विचारले, "रेनकोट कशाला रे?" तो खाली बघत म्हणाला, "सर, ऑफिसला जायच्या दोनच पँटी आहेत. मळक्या पँटीत साहेबांसमोर कसं उभं राहायचं?"

मलम बंद केले, काही आठवडे गोळ्या दिल्या. पण खरा उपाय साधा होता: गाडीसाठी एक जुनी सुती, सैल पँट. ऑफिसची पँट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत, बॅगेत. पोहोचल्यावर हात-पाय-मान धुवायची, अंग कोरडे करायचे, मग कपडे बदलायचे. गजकर्ण ओलाव्यात वाढते. कोरडी कातडी हे निम्मे औषध आहे.

दुसरी गोष्ट स्कार्फची. कापडामुळे मोठी धूळ अडते, पण २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण त्यातून आरपार जातात आणि फुप्फुसात खोलवर पोहोचतात. दम्याच्या रुग्णांनी एन-९५ मास्क वापरावा. आणि स्कार्फ रोज धुवा. रस्त्याच्या कडेचे गाजर गवत, जे आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले, त्याचे वाळलेले कण हवेतून येऊन कापडात अडकतात. न धुतलेला स्कार्फ म्हणजे तेच कण तोंडावर बांधणे. पापण्या, मान आणि कोपराच्या लवणीत वारंवार चट्टे येत असतील तर ही ॲलर्जी असू शकते. डोळ्यांसाठी काच असलेले हेल्मेट उत्तम. केस विस्कटतात म्हणून ते घरी ठेवू नका.

मागे बसणाऱ्या भगिनींनी ओढणी आणि पदर खोचूनच बसावे. मागचे चाक निम्मे तरी झाकणारे साडीगार्ड केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार गाडीला असायलाच हवे. दिसायला बरे नाही म्हणून काढून टाकलेले असेल, तर आजच बसवून घ्या. चाकात अडकलेली ओढणी गळ्याला फास बसवते.

आता धुण्याविषयी. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात. ओला चिखल चोळला की तो धाग्यांत आणखी रुततो. आधी पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, मग गार पाण्यात धुवा. चेनच्या ग्रीसचा डाग पाणी लावण्याआधी भांड्याच्या साबणाने काढा. मागचा मडफ्लॅप तुटला असेल तर बदला. गाडीवरचे कपडे घराबाहेरच झटका, विशेषतः घरात दम्याचे मूल असेल तर.

मुख्याध्यापक आणि कार्यालय प्रमुखांना एक विनंती. कपडे बदलायला एक आडोसा, भिंतीला चार खुंट्या आणि हात-तोंड धुवायला पाणी एवढी सोय करा. खर्च फारसा नाही, आणि रोज गाडीवरून येणाऱ्याला तुमच्यासमोर संकोचाने उभे राहावे लागणार नाही.

आणि तुम्हाला: खाज दोन आठवड्यांत गेली नाही तर मेडिकलमधले मलम बदलत बसू नका. जवळच्या डॉक्टरांना दाखवा. जागा अवघड आहे म्हणून लाजू नका, आम्ही हे रोज पाहतो.