मुलांना सोहोळचा माळ दाखवा



शाळेची सहल म्हटली की एखादे देवस्थान, धरण नाही तर शहरातला बगीचा हे ठरलेलेच. त्यात वावगे काही नाही. पण वाशीम जिल्ह्यातल्या लहान मुलांसाठी घराजवळच एक चांगली जागा आहे आणि तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती म्हणजे कारंजा तालुक्यातले कारंजा-सोहोळ अभयारण्य. अकोल्यापासून वेगळा होऊन आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला आणि पुढे २००० साली खास काळविटांसाठी हे अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार एकरांच्या आसपास.

तिथे घनदाट जंगल आणि वाघ पाहायला जाल तर निराश व्हाल. तिथे आहे तो माळ. दूरवर गवत आणि मधूनमधून झाडझुडूप. अशा जमिनीला आपण पडीक म्हणतो, ओसाड म्हणतो. मुलांना दाखवायचे ते हेच, की माळ ओसाड नसतो.

काळवीट उघड्यावरच का राहतो, असे मुलांना विचारा. त्याची ढाल म्हणजे लांबवर पोचणारी नजर आणि चपळ पाय. दाट झाडीत या दोन्हींचा उपयोग नाही. नराची पाठ काळी, पोट पांढरे आणि शिंगांना पीळ. मादी बदामी रंगाची आणि सहसा बिनशिंगी. नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्या टाकतो, त्यांचा ढीग म्हणजे त्याच्या वावराचा धुराच समजा. हे सांगितले की पोरे खदखदून हसतात आणि कधी विसरत नाहीत. नवे पाडस काही दिवस गवतात निपचित पडून असते. ते दिसले तरी हात लावायचा नाही. आई जवळपासच असते.

आता गवताकडे या. कुसळी गवताचे एक वाळलेले कुसळ कागदावर ठेवा आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. थोड्या वेळात त्याची शेपटी आपोआप फिरू लागते. पहिल्या पावसात याच पिळाच्या जोराने बी जमिनीत शिरते. कुठल्याही पुस्तकापेक्षा हा धडा पक्का बसतो. टोक अणकुचीदार असते, म्हणून तळहातावर मात्र घेऊ नये.

पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर मी तिथे गेलो असताना कळप दिसताच एक मुलगा ओरडला, “सर, हे तं आमची तूर खातेत!” मुलाचे खरेच होते. हरीण, रोही आणि रानडुक्कर यांच्यापायी जागल करून डोळे लाल झालेला बाप त्याने घरी पाहिलेला असतो. अशा मुलाला ‘हरीण किती गोड’ एवढेच सांगून भागत नाही. त्याला सांगावे, की माळ आणि गायरान मोडत गेले तसतसे गवत खाणारे जनावर आपल्या धुऱ्यावर आले. जिथे गवत टिकेल तिथे ते निदान काही काळ तरी गवतावर राहील.

मोठ्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. पीक खाल्ले तर नासधूस तशीच ठेवून लगेच वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. शासन नुकसानभरपाई देते. कुंपणाच्या तारेत घरचा विजेचा प्रवाह मात्र कधीही सोडू नका. त्या तारेला जनावर लागेल तसाच आपला लेकरूही लागेल. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. त्याने जनावर बिचकते, मरत नाही.

राजस्थानातले बिश्नोईही शेतकरीच आहेत आणि काळविटाला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. आपल्या राज्यात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीलाही १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे.

सहल हिवाळ्यात आणि सकाळी लवकर काढावी. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. पायांत बूट, अंगात मातकट रंगाचे कपडे, सोबत पाणी आणि भाकरीची शिदोरी. दगड उलटवू देऊ नये, खाली विंचू असतो. मोबाईलवर गाणी नकोत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मुले नेऊ नयेत, बसच ठरवावी.

परतल्यावर मुलांना आपल्या गावच्या गायरानात न्या आणि तिथे किती जातींचे गवत उगवते ते मोजायला लावा. मारवेल कोणते, पवन्या कोणता, हे शाळेतल्या गुरुजींपेक्षा घरच्या आजोबांना बहुधा जास्त माहीत असते. तेव्हा त्या दिवशी आजोबांनाही बरोबर घ्या. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत सोहोळच्या सहलीचा विषय तुम्हीच काढा.