जुन्या गाडीचा मागचा एक्सल

सुरतेच्या पर्वत पाटियाहून कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या गाड्यांची रीघ सहसा तुटत नाही. त्यांतच आमच्या धाकट्या बंधूंचा जुना टेम्पो धावतो आणि त्यावर दोन बिऱ्हाडांची चूल पेटते. गेल्या पावसाळ्यात गिअर टाकताच मागून खट् असा आवाज येऊ लागला. उजव्या चाकाच्या ड्रमखाली तेलही ठिबकू लागले.

मिस्त्रींनी चाक न काढताच हबवरील नट सोडून एक्सल बाहेर ओढला. वाचकांस याचे नवल वाटेल. परंतु अशा गाड्यांत भार हाउसिंग व हबचे बेअरिंग सोसतात. एक्सलने चाक फिरवावे, इतकेच. त्याच्या आतल्या टोकाचे दाते झिजून तिरके झाले होते.

"दादा, वेल्डिंगने दाते भरून घेऊ, स्वस्तात होईल," बंधू म्हणाले. आम्हांस ते रुचले नाही आणि मिस्त्रींनीही मान हलविली. एक्सलच्या पोलादास कारखान्यात पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते उतरते व पुढे सांध्यालगतच तो तुटतो. चाक निखळत नाही हे खरे. पण पुलाच्या चढावर भरलेल्या गाडीची ओढ अकस्मात नाहीशी झाली, तर मागून येणाऱ्या सायकलवाल्याचे काय व्हावे?

अखेर भंगारबाजारातून दुसरा एक्सल आणला. दात्यांची संख्या व लांबी जुन्याशी ताडली, लेथवर फिरवून वाक नसल्याची खात्री केली. हे दाते ज्या गिअरात बसतात तो शाबूत निघाला; तो झिजलेला असता तर आणलेला एक्सलही लवकरच निकामी झाला असता.

तेलाचे कोडे निराळेच होते. यापूर्वी दोनदा सील बदलूनही गळती थांबली नव्हती. हाउसिंगच्या वरचे हवा जाण्याचे बारीक छिद्र चिखलाने बुजले होते. तेल तापले की आतली हवा फुगून त्यास सीलवाटे बाहेर लोटी. शिवाय सीलच्या घर्षणाने हाउसिंगच्या टोकावर खाच पडली होती. नवे हाउसिंग आमच्या आवाक्याबाहेरचे. तेथे पोलादाची पातळ बाही ठोकून बसविली व काम भागले. तेल प्यायलेले ब्रेकचे लायनर मात्र धुऊन वापरू दिले नाहीत. दोन्ही चाकांस नवे घातले, आणि त्या महिन्यात बंधूंच्या घरी किराणा उधारीवर आला.

पहिल्या फेरीनंतर मिस्त्रींच्या सांगण्यावरून बंधूंनी दोन्ही हबांवर तळहात ठेवून पाहिला. एकच तापला असता तर बेअरिंग घट्ट बसले असे समजावयाचे होते. दोन्ही सारखेच कोमट होते.